उतारा नेमका कशाचा? उद्योजक घडवण्यात देश किती कार्यक्षम, हे मोजताना

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एम.ए. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "कोणता देश उद्योजक घडवण्यात किती कार्यक्षम आहे, यावर डिझर्टेशन करते आहे. वीस देश घेतले, सहा इनपुट आणि तीन आउटपुट. डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस चालवलं, तर चौदा देशांना पूर्ण १ गुण आला. युगांडा वर, जर्मनी खाली. सर म्हणतात काहीतरी चुकलंय, पण काय ते सांगत नाहीत. आणि या सगळ्या आकड्यांचा आमच्या तालुक्याशी काही संबंध आहे का?"

डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस म्हणजे किती घातलं (इनपुट) आणि त्यातून किती निघालं (आउटपुट) याची आपापसात तुलना करून गुण देणारी पद्धत. तुमचं सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्यानं दिलं. विचारण्यात मात्र दोन अडचणी आहेत. पहिली हिशेबाची, ती एका संध्याकाळी दुरुस्त होईल. दुसरी जास्त खोल आहे: उद्योजक 'घडवणं' म्हणजे काय हे ठरण्याआधीच मोजणी सुरू झाली. मी बावीस वर्षं यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत उद्योजकतेचं प्रशिक्षण देतो, प्रकल्प अहवाल करून देतो, लोकांबरोबर बँकेत जाऊन बसतो. त्याआधी संख्याशास्त्र शिकवत होतो. म्हणून दोन्ही अडचणींवर बोलतो.

आधी डाळ मिल डोळ्यांसमोर आणा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तयार केलेली मिनी डाळ मिल आपल्याकडे बऱ्याच गावांत आहे, तुम्ही पाहिली असेल. तूर चाळायची, रोलरवरून काढायची म्हणजे सालाला ओरखडे पडतात, तेलाचा हात लावून ठेवायची, मग पाण्याचा हात देऊन उन्हात वाळवायची. पुन्हा मशीनमधून काढली की डाळ एकीकडे, चुरी दुसरीकडे, टरफल तिसरीकडे. गिरणीवाल्याला मशीन कशी चालते विचारलं तर तो उतारा सांगतो, म्हणजे क्विंटलभर तुरीत किती किलो डाळ पडली ते. समजा तीन गिरण्यांचा उतारा ७४, ७० आणि ६६ किलो आहे. पहिलीला १ दिला, तर दुसरीला ७० भागिले ७४ म्हणजे ०.९५ आणि तिसरीला ०.८९. तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात हाच हिशेब आहे. त्यातला १ म्हणजे पाहिलेल्यांत सगळ्यांत वरचा, एवढंच. कारंज्याला ७८ किलो काढणारी गिरणी असेल आणि ती तुमच्या यादीतच नसेल, तर तुमच्या १ वर फार भिस्त ठेवता येत नाही.

ही कल्पना अर्थशास्त्रज्ञ फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडली. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये तिला आजचं रूप दिलं, तेही कारखान्यासाठी नव्हे. अमेरिकेत वंचित मुलांसाठी सरकारी शाळांत एक कार्यक्रम चालला होता, त्याचा परिणाम त्यांना मोजायचा होता. मुलाचं वाचन सुधारलं आणि त्याचा आत्मविश्वास वाढला, तर यातलं कुठलं किती मोलाचं? बाजारभाव कशालाच नाही. म्हणून त्यांनी युक्ती केली की वजनं आपण ठरवायचीच नाहीत, प्रत्येक शाळेला तिच्या सर्वांत सोयीची वजनं लावायची. त्या सोयीच्या काट्यावरही जी मागं पडली, ती खरंच मागं आहे असं म्हणता येतं.

तुमचे चौदा देश इथंच वर आले. काटा ज्याचा त्याच्या सोयीचा, आणि सोय शोधायला नऊ चल (सहा इनपुट आणि तीन आउटपुट मिळून). एका देशात परवाना लवकर मिळतो, तो त्यावर १ मिळवतो. दुसरा प्रशिक्षणावर फारच कमी खर्च करतो, त्याचा तेवढ्यावर भागाकार छान येतो आणि तोही १. नऊ विषयांत प्रत्येकाला आवडता विषय निवडू दिला, तर वर्गातली बहुतेक मुलं पहिली येणारच. यासाठी एक ढोबळ नियम वापरतात: देशांची संख्या इनपुट आणि आउटपुटच्या बेरजेच्या निदान तिप्पट हवी. तुमची बेरीज नऊ, म्हणजे किमान सत्तावीस देश, आणि मी तर चाळीसच्या खाली जाणार नाही. नाहीतर चल कमी करा. सहा इनपुटपैकी दोन-तीन एकमेकांच्या सावल्या असतील (परवान्याला लागणारे दिवस आणि परवान्याच्या पायऱ्या हे जवळजवळ एकच), त्यातलं एक ठेवा.

आणखी एक तपासा. तुम्ही बहुधा 'स्थिर परतावा' हा पर्याय निवडला आहे, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तोच आधी येतो. त्याचं गृहीतक असं की इनपुट दुप्पट झालं की आउटपुटही दुप्पट व्हावं. तुरीच्या पोत्यांना ते चालतं. तज्ज्ञांनी दिलेल्या गुणांना चालत नाही, कारण कायद्याच्या अंमलबजावणीला ३ ऐवजी ६ गुण मिळाले म्हणजे अंमलबजावणी दुप्पट झाली असं कुणीच म्हणणार नाही. आउटपुट टक्केवारीत असेल तर तेही शंभरावर जाऊ शकत नाही. म्हणून बँकर, चार्न्स आणि कूपर यांचं १९८४ चं 'बदलत्या परताव्याचं' रूप घ्या. अपयशाची भीती हा आकडा घेतला असेल तर तो उलटवून घ्या, तिथं जास्त म्हणजे वाईट. शेवटी वरच्या देशांपैकी एकेकाला वगळून सगळं पुन्हा चालवा. एका देशाच्या जाण्यानं दहा देशांचे गुण हलले, तर ज्या रेषेशी बाकीच्यांची तुलना होते ती सगळी त्या एकट्या खांबावर ताणलेली होती असं समजा.

हिशेबाचा भाग इथं संपला. आता युगांडा.

तुमचा मुख्य आउटपुट ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटरचा दिसतो. हा पाहणी प्रकल्प १९९९ मध्ये बॅब्सन कॉलेज आणि लंडन बिझनेस स्कूल यांनी सुरू केला. प्रत्येक देशात किमान दोन हजार प्रौढांना विचारतात आणि १८ ते ६४ वयोगटातले किती टक्के लोक धंदा उभारण्याच्या खटपटीत आहेत किंवा ४२ महिन्यांपेक्षा नवा धंदा चालवतात, ते काढतात. २०१४ च्या फेरीत युगांडाचा हा आकडा ३५ टक्क्यांच्या वर होता, जपानचा ४ टक्क्यांच्याही खाली. पाहणी चांगली आहे, मी तिचा आदर करतो, आणि तिच्यात चोरी काही नाही. तिनं गरजेपोटी धंद्यात आलेले आणि संधी पाहून आलेले हे वेगळे विचारायची सोयही ठेवली. पण एकत्र टक्केवारी उचलली की दोघं एकाच पोत्यात जातात.

आपल्याकडे ज्या वर्षी कापूस बुडतो, त्या वर्षी फाट्यावर चहाच्या टपऱ्या आणि पानठेले वाढतात. त्या वर्षी पाहणीवाला आला तर आपल्या तालुक्याची उद्योजकता वाढलेली दिसेल. तो माणूस कष्ट करतो, त्याचा धंदा खराच आहे, त्याला कमी लेखायचा हक्क कुणाला नाही. पण त्याला तिथं कोणत्या धोरणानं आणलं? पावसानं आणलं. आता हाच हिशेब देशांना लावा. जिथं सरकार मदत करत नाही, कर्ज मिळत नाही आणि नोकरीही नाही, तिथं इनपुट कमी आणि धंदा काढणारे जास्त. भागाकार मोठा येतो आणि तो देश कार्यक्षम ठरतो. पडीत जमिनीत आपोआप उगवलेल्या बोरीचं श्रेय कालव्याला देण्यासारखं हे झालं. जर्मनीत इनपुट भरपूर, आणि चांगली नोकरी हाताशी असल्यामुळे धंद्याकडे वळणारे कमी, म्हणून ती खाली. तुमच्या सरांना जे खटकलं ते बहुधा हेच.

म्हणून आउटपुट बदला. माझं मत विचाराल तर संधी पाहून सुरू केलेले धंदे, ४२ महिने ओलांडून टिकलेले धंदे आणि माणसं कामावर ठेवणारे धंदे हे तीन घ्या. याच पाहणीत यांच्या जवळचे आकडे मिळतात. टिकण्याबद्दल एक सावधगिरी: जुन्या धंद्यांचं प्रमाण भागिले नव्यांचं प्रमाण असा सोपा आकडा बरेच जण काढतात. पण आजचे जुने हे आजच्या नव्यांतून आलेले नाहीत, ते पाच-दहा वर्षांपूर्वीच्या नव्यांतून आलेत. तो आकडा वापरायचा तर हे स्पष्ट लिहून वापरा. इनपुटही चार-पाच वर्षं आधीचे घ्या. पेरणी आणि कापणी एकाच तारखेला दाखवता येत नाही.

पाहणी सोडून नोंदणीचे आकडे घ्यावेत का, असं वाटेल. जागतिक बँक दर हजार काम करत्या वयाच्या लोकांमागं किती नव्या मर्यादित कंपन्या नोंदल्या ते मोजते. भारताचा आकडा एकाच्याही बराच खाली, एस्टोनियाचा अलीकडे वीसच्या वर. पण आपल्याकडे डाळ मिल, जिनिंगसमोरचं हॉटेल, वेल्डिंगचं दुकान हे सगळं मालकीचं किंवा भागीदारीचं असतं. कंपनी कुणी काढत नाही, म्हणजे त्या मोजणीत ही माणसं नाहीतच. उलट एस्टोनियानं डिसेंबर २०१४ पासून परदेशी लोकांना ई-रेसिडेन्सी दिली, तिच्यावर राजधानी तालिनला न जाता तिथं कंपनी काढता येते. वर कंपन्या परदेशी मालकांच्याही, खाली भागायला फक्त स्थानिक लोकसंख्या. आपलं लघुउद्योगांच्या नोंदणीचं उद्यम पोर्टल १ जुलै २०२० ला सुरू झालं तेव्हा जुन्या नोंदणीवाल्यांनाही पुन्हा नोंद करावी लागली. त्या काळातली लाट पाहून कुणी नवे उद्योग जन्मले म्हणत असेल, तर त्यातले कितीतरी आधीपासून चालूच होते.

आणि इनपुट म्हणून 'डूइंग बिझनेस'ची, म्हणजे कोणत्या देशात धंदा करणं किती सोपं याची जागतिक बँकेची क्रमवारी घेतली असेल तर काढून टाका. भारत २०१५ च्या आवृत्तीत १४२ वा होता, २०२० च्या आवृत्तीत ६३ वा. ही चढण खोटी होती असं मी म्हणत नाही, पण भारताची माहिती मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांतून घेतली जायची. पांढरकवड्याच्या माणसाचं त्यात काहीच नव्हतं. पुढं २०१८ आणि २०२० च्या आवृत्त्यांतल्या काही देशांच्या आकड्यांत फेरफार आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये जागतिक बँकेनं तो अहवालच बंद केला. त्याच्या जागी आलेल्या बी-रेडीची पहिली आवृत्ती २०२४ ची, तीत ५० अर्थव्यवस्था आहेत.

आतापर्यंतचं एका दमात: देश वाढवा किंवा चल कमी करा, बदलता परतावा घ्या, आउटपुटमध्ये नुसती सुरुवात न घेता टिकाव घ्या, इनपुट मागच्या वर्षांचे घ्या, आणि एकेक देश वगळून पाहा. एवढं केलंत तर सरांसमोर ताठ मानेनं बसता येईल.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्यावर जरा थांबतो. घाटंजीकडच्या एका गावातली एक बाई माझ्या प्रशिक्षणाला आली होती. बचत गट चालवलेला, हिशेब पक्का, तोंडी गुणाकार माझ्यापेक्षा जलद. तिला डाळ मिल टाकायची होती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान असतं आणि स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. अर्ज झाला, मुलाखत झाली, कर्ज मंजूर झालं, मशीन येऊन शेडमध्ये उभी राहिली. कागदावर सगळं हिरवं. आणि थ्री फेजचं कनेक्शन मिळेना. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) भार शिल्लक नाही, नवे खांब लागतील, एस्टिमेट होईल, असं ऐकत अकरा महिने गेले. त्या वर्षीचा तुरीचा हंगाम निघून गेला आणि हप्ते सुरू झाले. मी गेलो तेव्हा तिनं मशीनवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. म्हणाली, "सर, मशीन आली, लाइन नाई आली. रोज सकाळी झाडून घेतो आन् मशीनले पायत बसतो."

त्या वर्षीच्या जिल्ह्याच्या आकड्यांत तिचा उद्योग 'स्थापित' होता. रोजगारही धरलेला असणार. या योजनेच्या देशभरच्या प्रसिद्ध आकड्यांत रोजगार हा घटकांच्या (म्हणजे उद्योगांच्या) जवळजवळ नेमका आठपट असतो. २०२१-२२ मध्ये १.०३ लाख घटक आणि ८.२५ लाख रोजगार. म्हणजे माणसं मोजून आकडा आलेला नाही, गुणून आला आहे. तुम्ही असा आकडा आउटपुट म्हणून घेतलात तर आपला जिल्हा छान दिसेल आणि ती बाई मशीन झाडत बसलेली राहील.

तिच्याकडे कमी काय होतं? जिद्द, हिशेब, भांडवल, अनुदान, बाजार सगळं होतं. एक वायर नव्हती. साधी सरासरी काढणारा कोणताही निर्देशांक तिला दहापैकी नऊ देईल. म्हणून मला झोल्टान ॲक्स आणि लास्झ्लो सर्ब यांचा ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप इंडेक्स त्याच्या बांधणीसाठी आवडतो. त्यात चौदा खांब, म्हणजे मोजायच्या चौदा बाजू आहेत, आणि एक खांब फार कमकुवत असेल तर बाकीच्यांचेही गुण कापले जातात. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: जमिनीत जस्त कमी असेल तर युरियाच्या गोण्या ओतून पीक वाढत नाही. चौदा खांबच का, गुण किती कापायचे, यावर वाद घालता येतो आणि घालावाही. पण अडकलं कुठं हे शोधायची ती दिशा मला पटते. तुमच्या डिझर्टेशनमध्ये क्रमवारीच्या तक्त्याशेजारी प्रत्येक देशाचा सर्वांत कमकुवत खांब लिहा. वाचणाऱ्याला तोच रकाना उपयोगी पडेल.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर सोडाव्या लागतात, त्या मोजमापात पूर्ण बसत नाहीत. मोठी बाजारपेठ शेजारी असलेला देश आणि समुद्रही नसलेला देश यांना एकाच काट्यावर घालणं अन्यायाचं आहे. तुरीत ओल जास्त असेल तर उत्तम मशीनचाही उतारा पडतो, त्याचा दोष गिरणीवाल्याला देत नाहीत. म्हणून देश उत्पन्नाच्या पातळीनुसार गटांत घ्या. सॉफ्टवेअर प्रत्येक मागं पडलेल्या देशासाठी ज्या देशांकडं बोट दाखवतं, ती नावंही वाचा. भारतासमोर आइसलँड आलं असेल तर ते उत्तर गणितात बरोबर आणि व्यवहारात निरुपयोगी आहे. व्हिएतनाम किंवा इंडोनेशिया आलं तर त्यावर दोन पानं लिहा.

दुसरं, सगळी उद्योजकता चांगलीच असं धरून चालू नका. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९९० मध्ये मांडलं की धडपडी माणसं सगळ्याच समाजांत असतात, ती कुठं वळतात हे तिथल्या बक्षिसांवर ठरतं. रात्री नदीतून रेती उपसून विकणाऱ्याकडंही भांडवल, जोखीम आणि बाजाराची जाण असते. डाळ मिलवालीकडंही तेच असतं. ज्या तालुक्यात पहिल्याला सहा महिन्यांत गाडी घेता येते आणि दुसरीला अकरा महिने वायर मिळत नाही, तिथली हुशार पोरं कुणाकडं पाहून शिकतील हे कोणत्याही टक्केवारीत येत नाही. मला याची काळजी वाटते, आणि देशांची तुलना करणाऱ्यानंही ती करावी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, तालुक्याशी संबंध आहे का. देशाचा आकडा तालुक्याला लावू नका, पद्धत मात्र जरूर लावा. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. वरचा तिपटीचा नियम लावला तर फार तर पाच चल परवडतात. मी तीन इनपुट घेईन: किती प्रशिक्षणार्थी, किती कर्ज वाटप, आणि अर्जापासून थ्री फेज जोडणीपर्यंत लागलेले दिवस. दोन आउटपुट: तीन वर्षांनी चालू असलेले उद्योग, आणि त्यात घरच्यांव्यतिरिक्त कामावर असलेली माणसं. पहिले दोन इनपुट सरकारी कार्यालयांतून आणि बँकांकडून मिळतात. बाकी तिन्ही गोष्टी कुणी तयार ठेवलेल्या नाहीत, त्या गावात जाऊन विचाराव्या लागतील. तीन वर्षं मी यासाठी म्हणतो की अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, आणि ती कर्जात वळती झाल्यावर उद्योग खरा की कागदी हे उघडं पडतं.

माझ्याकडे अशी एक वही आहे. उभ्या रकान्यांत अर्ज, मंजुरी, मशीन, वीज, पहिला माल, आणि तीन वर्षांनंतर. प्रत्येक रकान्यात तारीख. दोन तारखांमधलं अंतर जिथं सर्वांत मोठं, तिथं त्या माणसाचा उद्योग गळायला लागतो. घाटंजीकडच्या त्या बाईची वीज अखेर बाराव्या महिन्यात आली, पुढच्या हंगामात तिनं गावातल्याच तीन शेतकऱ्यांची तूर भरडून दिली, आणि 'तीन वर्षांनंतर' या रकान्यात मी 'चालू' लिहिलं आहे.

तुम्ही पाहणीला जाल तेव्हा फेब्रुवारी ते मे या काळात जा. पावसाळ्यात तूर वाळत नाही, त्यामुळे छोट्या डाळ मिल बंद असतात. जुलैत गेलात तर शेडला कुलूप दिसेल, तुम्ही प्रामाणिकपणे 'बंद' लिहाल, आणि चांगला चाललेला उद्योग तुमच्या तक्त्यात मेलेला दाखवला जाईल.